मावशीचा पहारा

माझी मावशी लाँड्री चालवते. जग चालवायचं कामही आपल्याकडेच आहे असा तिचा समज आहे, आणि आमच्या घरापुरता तो काही फारसा खोटा नाही. रस्त्याच्या वळणावर तिचं दुकान. पुढे काउंटर, मागे धुलाईची दोन यंत्रं, त्यांच्या पलीकडे वाफेची इस्त्री, आणि डोक्यावर लोखंडी दांडीला टांगलेले कोट, झगे, शर्ट, पडदे. ती स्वतः दुकानाच्या वरच्या खोलीत एकटीच राहते. मी काउंटरवर बसते. पावत्या फाडणं, कपड्यांना नंबर टाचणं आणि मावशीची बोलणी खाणं ही माझी तीन कामं. त्यांतल्या पहिल्या दोन कामांचा पगार मिळतो.

गिऱ्हाईक आत आलं की मावशीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "डाग कशाचा?" लोक खोटं बोलतात. शाई म्हणतात आणि लिपस्टिक निघते. चहा म्हणतात आणि त्याला चहाचा वाससुद्धा नसतो. मग मावशी कमरेवर हात ठेवते. "हे बघा, मला तुमच्या भानगडीत रस नाही. पण अंड्याच्या डागावर गरम पाणी ओतलं ना, की तो जन्माचा चिकटतो. मग माझ्या नावानं रडायचं नाही." एवढं बोलून ती हसते. तिच्या हसण्याने वरचे हँगर हलतात असं मामा म्हणतो. ही अतिशयोक्ती आहे, पण फार मोठी नाही.

ही गोष्ट मरणाची आहे आणि मी ती खिदळत सांगणार आहे, हे आधीच कबूल करते. मला तसा हक्क आहे. कारण जिची गोष्ट आहे ती आत्ता माझ्या मागे उभी राहून "अक्षर बघ, कोंबडीचे पाय!" म्हणतेय.

तर, आमच्या घरातले पुरुष एकोणपन्नासाव्या वर्षी आत्महत्या करतात. झालं, लिहिलं! हे वाक्य आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. आजोबांनी जीव दिला तो एकोणपन्नासाव्या वर्षी. त्यांच्या धाकट्या भावाने एकोणपन्नासाव्या वर्षी. दहा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या मामांनी, तेही एकोणपन्नासाव्या वर्षी. घरात याला "तसं" म्हणायचे. "बाबांचं तसं झालं." "थोरल्याचंही तसंच झालं." हे बोलतानाही आवाज खाली आणायचा, आणि लगेच कुणीतरी चहाचं विचारायचं. आमच्या घरात इतका चहा का पितात याचं कोडं मला फार उशिरा सुटलं.

पुरुषांत आता एकच उरला होता, धाकटा मामा. मावशीपेक्षा सात वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो जेमतेम सहा वर्षांचा होता आणि मावशी तेरा. तिने शाळा सोडली, एका लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायला लागली आणि या भावाला आणि माझ्या आईला वाढवलं. आजी होती, पण आजोबांनंतर ती खिडकीत बसली ती बसलीच. मामाचे केस पांढरे झाले तरी मावशी त्याला बाळ्या म्हणते. हा बाळ्या गाडी शिकवायचा क्लास चालवतो. गाडीच्या टपावर पाटी, डाव्या सीटवर मामा आणि त्याच्या पायाखाली त्याचा स्वतःचा वेगळा ब्रेक.

मामाचा एकोणपन्नासावा वाढदिवस झाला आणि दुसऱ्याच दिवशी मावशीने पहारा बसवला. तो पन्नासाव्या वाढदिवसापर्यंत चालणार होता. घरात मामी, दुपारी माझी आई, संध्याकाळी मी, आणि सगळ्यांवर मुकादम मावशी. मामाला एकटं सोडायचं नाही, घरात शांतता पडू द्यायची नाही, रेडिओ सदैव चालू. आणि सगळ्यात कडक नियम असा की मामाच्या प्रत्येक विनोदाला हसायचं. त्याचं मन प्रसन्न राहिलं पाहिजे!

आता मामाचे विनोद कसे असतात हे ज्याने ऐकलं नाही त्याला आमचे हाल कळायचे नाहीत. विनोद संपला हे आम्हाला तो स्वतः हसायला लागला की कळायचं. पण आम्ही हसायचो. पोट धरून हसायचो. मावशी तर डोळे पुसायची. परिणाम असा झाला की आपण मोठे विनोदवीर आहोत अशी मामाची खात्री पटली आणि तो दिवसाला सात-आठ विनोद करायला लागला.

त्यात आम्ही क्लासच्या गाडीतही मागच्या सीटवर बसायचो. पुढे शिकणारा, शेजारी मामा, मागे कधी मामी विणकाम घेऊन, कधी मी, कधी दोघी. "ह्या कोण?" असं विचारलं की मामा दात ओठ खात म्हणायचा, "निरीक्षक." त्याच्याकडे तेव्हा एक दंतवैद्य शिकत होता. दिवसभर लोकांच्या तोंडात सुया खुपसणारा हा माणूस चौक आला की डोळे मिटायचा. एकदा चौकात लाल दिवा होता, मामाने विनोद केला, आणि मागून मामी आणि मी नियमाप्रमाणे खो खो हसलो. दंतवैद्याला वाटलं, आपल्यालाच हसतायत. त्याने घाबरून क्लच सोडला, गाडी उडी मारून बंद पडली आणि मागच्या बसवाल्याने आमचे सात पिढ्यांचे पूर्वज आठवले. मामाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. मामी मला कुजबुजली, "डोकं धरलंय. ताईंना फोन कर."

घरी तर विचारू नका. मामा न्हाणीघरात जरा रेंगाळला की मामी दार ठोकायची. "अहो, काय करताय?" आतून आवाज यायचा, "गातोय!" "मग मोठ्याने गा!" बिचारा मोठ्याने गायचा. शेजारी तक्रार करायला आले.

आणि एका रविवारी जेवणाच्या टेबलावर मामाचा बांध फुटला. "अरे, मला मरायचं असतं तरी वेळ कुठेय?" तो ओरडला. "संडासातसुद्धा पहारा! मला नाही मरायचं. मला फक्त पाच मिनिटं एकट्याला पेपर वाचायचाय!"

मरायचं हा शब्द त्या घरात पहिल्यांदा मोठ्याने म्हटला गेला होता. मामीच्या हातातला चमचा तसाच राहिला. मावशी उठली आणि तिने रेडिओ मोठा केला.

यावर तोडगा काढला दंतवैद्याने. गाडी शिकता शिकता त्याला आमची सगळी कथा कळली होती, कारण मामा वैतागला की त्याच्या पोटात काही राहत नाही. तो म्हणाला, मोठ्या हॉस्पिटलात एक संशोधन चाललंय, ज्या घरात एकाहून जास्त जणांनी आत्महत्या केलीय त्या घरांचं. रक्त घेतात, थुंकी घेतात, मुलाखत घेतात. मामाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तपासून घ्यायचं, आपल्या रक्तात तसं काही नाही असा दाखला आणायचा आणि तो ताईच्या तोंडावर फेकायचा. "कच्च्या लायसन्सवर किती दिवस जगू मी?" तो म्हणाला. "मला पक्कं पाहिजे."

अडचण एकच होती. संशोधनाला सगळी रक्ताची माणसं हवी होती. मामा दुकानात येऊन मावशीपुढे उभा राहिला.

"घरची लक्तरं वेशीवर टांगायची का आता?" मावशी म्हणाली.

"ताई, अख्ख्या गावाची लक्तरं तू या दांडीवर टांगतेस," मामा म्हणाला. "त्यात आपली दोन टांग. नंबर लावून टांग हवं तर."

हा विनोद चक्क चांगला होता. गिऱ्हाइकंही हसली. मावशी विरघळली. पण तिने अट घातली, "दाखला मिळाला नाही तर मात्र पन्नाशीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही." मामाने अट मान्य केली.

हॉस्पिटलच्या त्या विभागात एक लांब खोली होती. भिंतीला खुर्च्या, एका कोपऱ्यात रक्त घ्यायचं टेबल, आणि पलीकडे मुलाखतीच्या दोन छोट्या खोल्या. मामा, आई, मावशी आणि मी असे चौघं रक्ताचे, आणि मामी नुसती पहाऱ्याची. रक्त सुरळीत गेलं. मग आमच्या हातात एकेक नळी दिली आणि रेघेपर्यंत थुंकायला सांगितलं. आमचं आयुष्य तोंडचं पाणी पळण्यात गेलेलं, आता ते मागितल्यावर कुठून आणणार? आईने नळीकडे पाहिलं, मामाने आईकडे पाहिलं, आणि मावशीला हसू फुटलं. मग जे सुरू झालं ते थांबेना. जरा थुंकी जमली की कुणीतरी खिंकाळायचं. त्या टेबलावरच्या नर्सने शेवटी आम्हाला चार कोपऱ्यांत भिंतीकडे तोंड करून उभं केलं, शाळेत करतात तसं. मामी मधे बसून चौघांच्या पाठींवर लक्ष ठेवत होती.

मग डॉक्टरीणबाई आल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. हातात चहाचा मग, पायात पळायचे बूट. मामाने सरळ विचारलं, "बाई, माझ्या रक्तात ते आहे की नाही, एवढं सांगा."

"ते म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

मामा अडखळला. आईने चहाचं विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

डॉक्टरीणबाईंनी मग आम्हाला समजावलं, आणि मला ते कळलं म्हणजे कुणालाही कळेल. आई-वडिलांकडून आपल्याला जनुकं मिळतात. ती जन्मभर जवळपास तीच राहतात. पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा बसत असतात. कुठल्या जनुकाने जोरात काम करायचं आणि कुठल्याने गप्प बसायचं, हे त्या खुणांवर बरंच अवलंबून असतं. याला एपिजेनेटिक्स म्हणतात. आयुष्यात जे घडतं त्याने या खुणा बदलू शकतात. लहानपणी फार हाल झाले, मारहाण झाली, घरातलं माणूस अवचित गेलं, तर काही जणांमध्ये ताण आवरणाऱ्या जनुकांवर जास्त खुणा दिसतात. मग पुढे छोट्या धक्क्यानेही शरीर मोठ्या संकटासारखं खवळतं आणि शांत व्हायला वेळ घेतं. ज्यांनी आत्महत्या केली अशा काही लोकांमध्ये, नैराश्याच्या काही रुग्णांमध्ये, असे फरक सापडलेत.

"म्हणजे डागच की!" मावशी म्हणाली. "कापड तेच. वरून डाग."

"तसं म्हणा हवं तर," डॉक्टरीणबाई हसल्या. "पण डाग बघून कापड कधी फाटेल ते सांगता येतं का?"

"छे!"

"मलाही नाही सांगता येत. शेकडो लोकांचं रक्त एकत्र बघितलं की थोडं काही कळतं. एका माणसाचं बघून काहीच नाही. शिवाय आम्ही बघतो रक्त, आणि प्रश्न असतो मेंदूचा. खुणेमुळे आजार झाला की आजारामुळे खूण पडली, हेही पुष्कळदा माहीत नसतं. त्यामुळे दाखला नाही. कुणालाच नाही."

मामाचा चेहरा पडला. "आणि एकोणपन्नास?"

डॉक्टरीणबाईंनी तिघांची वयं नीट विचारली. आजोबा एकोणपन्नास, थोरले मामा एकोणपन्नास. आजोबांच्या भावाचं जन्मसाल काढता काढता आई गडबडली. बोटं मोजून झाल्यावर निष्पन्न झालं की ते बावन्न वर्षांचे होते! हिशेबात नीट बसावेत म्हणून घरच्यांनीच त्यांची तीन वर्षं कापली होती. मामा खुर्चीवरून उडालाच. "बघ ताई! बघ! काकांना तुम्ही जबरदस्तीने एकोणपन्नासात कोंबलंत!"

आम्ही पुन्हा हसायला लागलो. मावशी हसली नाही. तिने विचारलं, "ह्या खुणा बायकांच्या अंगावरही बसतात?"

"बसतात की. माणूस आहे तिथे खुणा आहेत."

"बरं," मावशी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "मुलाखतीला पहिलं तुम्हीच या."

मुलाखत एकेकट्याची असते. पण पहाऱ्याच्या सवयीने मावशी मला ओढतच आत घेऊन गेली. "हिला बसू द्या. हिच्यापासून काय लपवायचंय?" टेबल, तीन खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा. डॉक्टरीणबाई विचारत गेल्या आणि मावशी रंगात आली. झोप? "लागते की, ग्राहकांचे कपडे मऊ असतात." भूक? "माझी का दुकानाची?" उत्साह? "विकायला ठेवलाय." मी तोंडावर हात धरून बसले होते. त्यांनाही हसू येत होतं. मग त्यांनी, अगदी त्याच आवाजात, डाग कशाचा असं विचारावं तसं विचारलं, "आपण जगू नये, जीव संपवावा, असं कधी मनात येतं?"

मी मावशीच्या पुढच्या विनोदाची वाट पाहत होते. हसायची तयारीही केली होती.

"येतं," मावशी म्हणाली.

खोलीत कुठेच रेडिओ नव्हता.

"केव्हापासून?"

"थोरला गेला तेव्हापासून. आधीही कधीमधी यायचं. आता रोज." तिने रुमालाच्या डब्याचा कोपरा नखाने सरळ केला. "अहो, मला हे कुणी विचारलंच नाही कधी. आमच्यात पुरुषांचं होतं ना ते. मी आपली बाकीच्यांना सांभाळायला."

"काही ठरवलंय का तुम्ही?"

"आत्ता काही नाही. बाळ्याला पन्नास पूर्ण होऊ देत. त्याचा केक कापून झाला की माझं काम संपलं. असं ठरवलंय."

मामाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तेव्हा जेमतेम पाच आठवडे उरले होते. केकची ऑर्डर मावशीनेच दिली होती, वर बदामाचे काप घालायला सांगून. आम्ही सगळे डोळ्यांत तेल घालून ज्या दिवसाची वाट पाहत होतो, तो तिने स्वतःसाठी धरून ठेवला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण शाळेत मी वाक्यात उपयोग करून दाखवली होती, पण तिचा अर्थ मला त्या खुर्चीवर कळला. मला एवढी भीती कधीच वाटली नव्हती. मी मावशीचा हात धरला. तो इस्त्रीवर काम करून खरखरीत झालेला, गरम असा तिचा नेहमीचाच हात होता.

डॉक्टरीणबाई दचकल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, की चहाचं विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "सांगितलंत हे फार चांगलं केलंत. आता तुम्ही आज एकट्या घरी जायचं नाही. आत्ताच आमचे मानसोपचार करणारे डॉक्टर तुम्हाला भेटतील. यावर उपचार आहेत, आणि ते लागू पडतात."

"पण दुकान? हॉटेलच्या चादरी यायच्यात!"

"दुकान ही बघेल."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "हिला लोकर आणि रेशीम कळत नाही," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मी जन्मात तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती रडतेही मोठ्याने.

घरच्यांपैकी कुणाला सांगायचं, असं डॉक्टरीणबाईंनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "बाळ्याला सांगा. पण तो रडला तर मी उठून घरी जाईन." मामाला आत बोलावलं. त्याने सगळं ऐकलं. रडायचं नाही असं बजावल्यामुळे त्याचा चेहरा लाल होत होत टोमॅटोसारखा झाला. काय करावं ते न सुचून त्याने जे एक येत होतं ते केलं. त्याने विनोद सांगितला. एक माणूस गाडी शिकायला जातो वगैरे, फारच लांबलचक.

तो संपल्यावर मावशी म्हणाली, "बाळ्या, तुझे विनोद फार भिकार आहेत रे. वर्षभर हसून हसून माझ्या बरगड्या दुखतायत."

मामाने माझ्याकडे पाहिलं. "खरंच?"

"भयंकर," मी म्हणाले.

"तुझी बायको तर विणकाम आणते ते तोंडात कोंबायला," मावशी म्हणाली. आणि मग आम्ही तिघं असे हसलो की बाहेरून मामी आणि आई धावत आल्या. त्या वर्षातलं ते पहिलं बिननियमाचं हसणं. मामा हसता हसता रडत होता, पण ते मोजायचं नाही असं मावशीने ठरवलं.

मावशी काही दिवस हॉस्पिटलात राहिली. मग आमच्या घरी, माझ्या खोलीत. रोज गोळ्या आणि आठवड्यातून एकदा डॉक्टरांशी बोलायला जायचं. पहिले काही दिवस गोळ्यांनी तिचं तोंड कोरडं पडायचं, आणि "आता मागा म्हणावं थुंकी!" असं ती सगळ्यांना ऐकवायची. मामाने लगेच नवा पहारा बसवायचा बेत केला होता. त्याने पाळ्यासुद्धा लावल्या. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं की अवघड दिवसांत तिला एकटं सोडू नका, ते बरोबर, पण नुसतं टक लावून बघू नका. विचारा. स्पष्ट शब्दात विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. असलेला मात्र बाहेर येतो.

मामाने हे इतकं मनावर घेतलं की विचारू नका. दुसऱ्याच आठवड्यात तो भर दुकानात, काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना म्हणाला, "ताई, आज जीव द्यावासा वाटतोय का?" पडदे घेऊन आलेल्या बाईंच्या हातातून पडदे खाली पडले.

"कालच्यापेक्षा कमी," मावशी मागून ओरडली. "तू क्लासला जा. बाई, डाग कशाचा?"

बाईंनी पडदे उचलले. निघताना दारातून परत आल्या आणि मला हळूच विचारलं, यांना कुठल्या हॉस्पिटलात दाखवता, माझ्या भावासाठी हवं होतं. मी पावतीच्या मागे पत्ता लिहून दिला. मग तसे बरेच पत्ते लिहिले गेले.

सगळं काही सरळ रेषेत झालं नाही. मधे एक आठवडा फार वाईट गेला. मावशी यंत्रासमोर स्टुलावर बसून राहायची, कपडे फिरताना बघत. मामाने विचारलं तर ती म्हणाली, "आज फार आहे. घेऊन चल." तो चालू क्लास सोडून, दंतवैद्यालाच गाडी चालवायला लावून, तिला हॉस्पिटलात घेऊन गेला. त्या दिवशी दंतवैद्याने सगळे चौक डोळे उघडे ठेवून पार केले. दोन दिवसांनी ती परत आली. आमचं रक्त अजून त्या हॉस्पिटलच्या फ्रीजरमध्ये शेकडो घरांच्या रक्ताबरोबर पडून आहे. उपचारांनी त्या खुणा पुसतात का, असं मावशीने विचारलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही अभ्यासांत बदल दिसलाय, नक्की काय ते अजून कळलेलं नाही. "पण बरं वाटायला खुणा पुसायची वाट बघावी लागत नाही." मावशीला हे पटलं.

मामाने केकची ऑर्डर रद्द केली. "मी पन्नास वर्षांचा होतच नाही," त्याने जाहीर केलं. "ताई बरी होईपर्यंत एकोणपन्नासच." मामीने सांगून पाहिलं की असं थांबता येत नाही. तो ऐकेना.

पण तारीख कुठली थांबायला? ती आलीच. आम्ही सगळ्यांनी तिचा उच्चारही केला नव्हता. विचारायचं ठरलेलं असूनही त्या दिवशी सकाळी कुणाची जीभ उचलेना. मी सात वाजताच दुकान उघडलं. मामी "सहजच" आली. आई उसवलेला कोट घेऊन आली, जो उसवलेला नव्हताच. मामा क्लास बंद ठेवून दारात उभा. मावशीला वैताग आला. "काय ही गर्दी? एवढं रिकामपण आहे तर चादरी हलवा!" हॉटेलच्या चादरींचा ढीग आला होता आणि मोठ्या यंत्राचा पट्टा नेमका तेव्हाच तुटला. मग दिवसभर दाणादाण. मिस्तरी आला, पट्टा चुकीचा निघाला, परत गेला. मावशीने मिस्तरीला झापलं, मामीला घड्या शिकवल्या, आईच्या कोटाला उगाच एक टाका मारून दिला आणि दुपारी उभ्याउभ्याच ब्रेड खाल्ला. आम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि ती चादरींकडे बघत होती.

शटर अर्धं ओढल्यावर मामाने शेवटी धीर केला. "ताई, आज..."

"आज काय?"

"आज कसं वाटलं तुला?"

"पाय मोडले. मेला तो पट्टा!"

"तसं नाही ताई. आज तारीख..."

मावशीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग मामाकडे पाहिलं. मग आम्हा सगळ्यांकडे, एकेकीकडे. तिचा हात हळूहळू तोंडावर गेला.

"अगं बाई," ती म्हणाली. "बाळ्या, मी विसरलेच रे!"

मामा मागच्या चादरींच्या ढिगावर मटकन बसला आणि सहा वर्षांच्या मुलासारखा भोकाड पसरून रडायला लागला. वर्षभराचं सगळं एकदम.

"ऊठ आधी!" मावशी ओरडली. "धुतलेल्या आहेत त्या!"

तो उठला नाही. मावशीने कमरेवर हात ठेवले, दोनदा "ऊठ" म्हटलं, आणि मग कुणी बघत नाहीये असं समजून पदराला डोळे पुसत, त्या स्वच्छ पांढऱ्या चादरींवर त्याच्या शेजारी जाऊन बसली.